विमलबाईंची सतरंजी

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापूस वेचत होते. ओटीतला कापूस तिथंच टाकून घर गाठलं. विमलबाई माझ्या थोरल्या जाऊ. महिना उलटला, पण डोळ्यांत पाणी कमी आणि डोक्यात संतापच जास्त... का, ते सांगते.

जवळा बाजारपासून आमचं गाव जवळच. गावातल्या समाजमंदिराच्या खोलीत दर रविवारी दुपारी बाई सतरंजी अंथरायच्या. नियम एकच, लेकरू एकटं बसायचं न्हाई, सोबत आई न्हाईतर बाप पाहिजेच. घरातली एखादी वस्तू आणायची आणि दोघांनी मिळून वाचायची, मोजायची. कुणी डाळीचं पाकीट आणायचं, कुणी बियाण्याची पिशवी. चौथीत शाळा सुटलेली मी, पोरीच्या मांडीला मांडी लावून पुन्हा वाचायला लागले. मी अडखळले की ती खिदळायची, तिचा हिशोब चुकला की मी! मग मला हरवायचं म्हणून पोरगी घरीही आपणहून पुस्तक उघडू लागली.

आमच्या वाडीतला दत्तराव तर बायको-पोरीला उठवायलाच आला होता. दारातूनच ओरडला, "घरचं काम टाकून काहून बसल्या इथं?"

"बसा न दत्तराव. मंग सांगते," बाई म्हणाल्या. कुणीही तणतणत आलं की त्यांचं हेच उत्तर.

तो बसला. पोरीनं फवारणीच्या औषधाची बाटली पुढं धरून वरचा बारीक मजकूर बापाला वाचून दाखवला. आजवर उघड्या तोंडानं फवारत आलेल्या माणसानं 'तोंड-नाक झाका' ही ओळ पोरीला पुन्हा वाचायला लावली. आता फडकं बांधल्याशिवाय पंप पाठीला लावत न्हाई, आणि शेजारच्या शेतातल्यांनाही दटावतो. एका लेकराच्या वाचण्यानं अख्खं शिवार शहाणं झालं.

आणि आमचे सरपंच? बाई होत्या तोवर "बायांच्या चकाट्या" म्हणून हसले. शोकसभेत मात्र फोटोला हार घालत "थोर शिक्षणप्रेमी"! खुर्च्यांवर गडीमाणसं, आणि बाईंजवळ शिकलेल्या आया बाहेर उन्हात. मग आठवण जपायची म्हणून खोलीत फोटो लावला, फरशी पुसली आणि दाराला ठोकलं कुलूप, किल्ली सरपंचांच्या खिशात. लेकरं घाण करतील म्हणे! अहो, जिनं लेकरांसाठी जीव ओतला तिच्याच नावानं त्यांना बाहेर काढता? जनाची न्हाई, मनाची तरी ठेवा.

परवाच्या रविवारी बाईंच्या घरून सतरंजी आणली. एका कोपऱ्याला शाई, दुसऱ्याला हळद. कुलपासमोरच्या ओट्यावर अंथरली. आया आल्या, लेकरं आली, दत्तरावही आला. तेवढ्यात सरपंच.

"इथं काहून बसून राहिल्या?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, जिभेवर चार शिव्या आल्या होत्या... पण मी सरकून सतरंजीवर जागा केली.

"बसा न सरपंच. मंग सांगते. फक्त बसायच्या आधी खिशातली किल्ली काढून ठेवा, टोचंल."