चार नंबरची जाळी

ऋतिकाला कंपनीतून सुटून अडतीस दिवस झाले होते आणि ती एक मशीन बंद पडायची वाट बघत होती. अशी वाट कुणी बघतं का, असं म्हणाल. बघतं हो! ज्याचा जीव एखाद्या जागी अडकलेला असतो ना, तो काय वाट्टेल त्याची वाट बघतो.

ऋतिका बदलापूरजवळच्या एका वाडीतली. बाप हिरामण, आई कौसाबाई, दारात दोन म्हशी, मागे वालाचं शेत. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली ही घरातलीच काय, आख्ख्या वाडीतली पहिली मुलगी. अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणारी एक मोठी कंपनी आहे. तिथे ती वर्षभराची अप्रेंटिस म्हणून गेली, तेव्हा कौसाबाईने घरोघरी पेढे वाटले. "पोरगी कंपनीत लागली!" आता अप्रेंटिस म्हणजे लागली नव्हे, शिकायला ठेवली, हे त्या माउलीला कोण सांगणार? ऋतिकाने तरी कुठे सांगितलं?

पहिल्याच दिवशी ती कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसली, तर मागून आवाज आला, "मॅडम, ती भोपींची जागा." भोपी म्हणजे कंपनीतले जुने पर्मनंट कामगार, त्या दिवशी रजेवर होते. तरी जागा भोपींची! ऋतिका उठली, मागे जाऊन उभी राहिली. राग नाही आला तिला. उलट वाटलं, काय नशीबवान माणूस! आपण घरी झोपलोय आणि इकडे आपली सीट आपल्या नावाने रिकामी चाललीय. आपलं असं कधी होईल? त्या दिवसापासून तिला तेच लागून राहिलं. पर्मनंट व्हायचं. दुसरं काही नको.

तिला मेंटेनन्सला टाकलं होतं, धर्मराज काकांच्या हाताखाली. काका तीस वर्षं कंपनीत काढलेले जुने फिटर, तोंडाने फाटके, हाताने सोनं. पहिले दोन महिने त्यांनी हिला फडक्याने मशिनी पुसायला लावल्या. "पुसता पुसता कळते मशीन. पुस्तकात घंटा कळत नाय." पोरीने तोंड वाकडं न करता पुसल्या. नखांत तेल, केसांत तेल, डब्यातल्या भाकरीला तेलाचा वास. आणि मजा म्हणजे तिला तो वास आवडायला लागला. रविवारी घरी बसून करमेना.

नोव्हेंबरात काका रिटायर झाले. त्याच्या आदल्या शनिवारी, सगळे चहाला गेलेले असताना, त्यांनी तिला चार नंबरच्या मशीनमागे नेलं. ही चार नंबर म्हणजे लोखंड कातणारी जुनी, नखरेल लेथ. तेलाचं प्रेशर जरा कमी झालं की लाल दिवा लावून ठप्प. काकांनी खालचा एक पत्रा सोडवला. आत पाइपात बोटाएवढी जाळी होती, तेल गाळणारी.

"ही ड्रॉइंगमधे नाय. मॅन्युअलमधे नाय. माझ्या उस्तादाने बसवलेली. दर पंधरा दिवसांनी काढायची, धुवायची, परत बसवायची. नाय धुतली तर महिना, सव्वा महिना. मग मशीन बंद. आणि कुणाच्या बापाला कळणार नाय का बंद."

"मग काका, लिहून का नाही ठेवत?"

काका हसले. "येडी का काय तू? कागदावर नाय म्हणून तर मी होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गावी चाललो, माझा फोन काय लागायचा नाय. मग विचारतील कोणाला? तुला."

एवढं एक वाक्य. पण ते पोरीच्या डोक्यात असं बसलं की बस्स.

डिसेंबर संपला, वर्ष भरलं. सुपरवायझर उन्मेष सरांनी हात मिळवला, सर्टिफिकेट दिलं. एचआरच्या राजसी मॅडम गोड हसून म्हणाल्या, "व्हेकन्सी निघाली की पहिला फोन तुला." नवी बॅच आधीच आली होती. तिच्या जागी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला धम्मदीप नावाचा मुलगा होता, साधा, घाबरट, सगळ्याला "हो ताई" म्हणणारा. शेवटच्या आठवड्यात ऋतिकाने त्याला सगळं शिकवलं. वही भरून लिहून दिलं. एक ती जाळी सोडून. वही त्याच्या हातात देताना तिला त्याच्याकडे बघवेना.

आणि मग ती घरी बसून दिवस मोजायला लागली.

शहाडच्या एका वर्कशॉपातून बोलावणं आलं. सिंधी शेठ चांगला माणूस होता. "बेटा, सोमवार तक बता देना." हिने काय करावं? "कंपनीतून फोन यायचाय," असं घरी सांगून तिने शेठला कळवलंच नाही. सोमवार गेला, शेठने दुसरा माणूस ठेवला. हिरामण चार दिवस लेकीशी धड बोलला नाही. कौसाबाई मात्र रोज संध्याकाळी विचारायची, "आला का गो फोन?" कंपनी आपल्या पोरीला विसरेल, हे तिच्या मनातही येत नव्हतं. आणि खरं सांगू? पोरीच्याही नव्हतं.

अडतिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मायलेकी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. फोन वाजला. नाव धम्मदीपचं. झाली बंद!

"ताई," तो जवळजवळ रडतच होता, "चार नंबर कालपासून बंद आहे. पंप बदलला, तेल बदललं, बाहेरचा माणूस येऊन गेला. लाल दिवा जातच नाही. सर म्हणतात मीच काहीतरी छेडछाड केली. आज चालू नाही झाली तर मला काढून टाकणार म्हणाले."

"सरांनी मला फोन करायला सांगितलं?"

पलीकडून दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"अरे बोल ना. माझं नाव घेतलं का त्यांनी?"

"मीच म्हटलं त्यांना, ऋतिका ताईंना विचारू का. तर म्हणाले, मागच्या बॅचची ती? तिला काय ठाऊक असणार." मग घाईघाईने, "मी लपून फोन केलाय, ताई. रागावू नका."

ऋतिकाच्या हातातली शेंग तशीच राहिली. वर्षभर राबले, जीव लावला, आणि ही किंमत. मागच्या बॅचची ती! तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. वाटलं, सांगावं, मला नाही माहीत. पडू दे बंद. पण मग पोराला काढणार, आणि तेही तिच्या लबाडीपायी. आज तोंड मिटलं तर उद्या स्वतःला कुठल्या तोंडाने विचारायचं की लोक आपल्याशी असं का वागतात?

"मागे जा," ती म्हणाली. "डावीकडचा खालचा पत्रा सोडव."

सगळं सांगितलं. जाळी कशी फिरवून काढायची, कशात धुवायची, बसवताना किती आवळायची. दोन मिनिटं लागली. एवढ्या दिवसांचं धन, दोन मिनिटांत संपलं.

"हे वहीत लिहू का, ताई?"

"लिही. मोठ्या अक्षरात लिही."

वीस मिनिटांनी परत त्याचा फोन. "ताई! झाली चालू! सगळे..." तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. "आलो सर!" म्हणत त्याने गडबडीत फोन तसाच खिशात कोंबला. बंद करायचं राहूनच गेलं.

ऋतिकाही तो बंद करीना. कानाला घट्ट लावून बसली. चार नंबरची घरघर येत होती. कुणीतरी हसलं. कुणीतरी "अरे, चहा आला का?" म्हणून ओरडलं. तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं.

कौसाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "कंपनीचा फोन हाय ना गो?"

"हो आई," ऋतिका म्हणाली. "कंपनीचाच आहे."