बंकटचा अंगठा

आमच्या पाली गावात कुणाच्या मेंढ्या कातरायच्या असल्या की अजूनही बंकट देवकत्यालाच बोलावणं जातं. पासष्टी आली, पण मेंढरू त्याच्या मांडीखाली लेकरासारखं पडून राहतं. दोन-तीनदा कातर चालली की लोकरीची चिकट मळी पात्यांना धरते. बंकटचा अंगठा ती पुसतो आणि कातर पुढं जाते. त्याला विचारा, आत्ता काय केलंस? तो म्हणेल, कुठं काय? बापानं लहानपणी लावलेली सवय. चहाची बशी असो, सायकलची साखळी असो, घाण दिसली की अंगठा आधी पोचतो आणि माणूस मागून. या अंगठ्यानं एकोणीस पोरं मारली, असं बंकट मानतो. मी त्याचा शेजारी, निवृत्त शाळामास्तर. बावीस वर्षं मला यातलं अर्धंच माहीत होतं.

निजामी गेली, आपलं दख्खन वेगळं राष्ट्र झालं आणि गोदावरी सरहद्द झाली. राष्ट्र म्हटलं की लष्कर आलं, लष्कर म्हटलं की बंदूक आली, आणि बंदूक निवडायला मंडळ आलंच. सन शहाण्णवमध्ये या मंडळासमोर दोन बंदुका होत्या, एक जुन्या घडणीची जड आणि एक नवी हलकी. मंडळावरच्या साहेबांच्या मनात हलकीच भरली होती. नवऱ्या मुलाला मुलगी आवडल्यावर पत्रिका बघतात, तशी ही चाचणी. बिंदुसरेच्या तलावाचं पाणी उतरलं होतं, तिथल्या काळ्या गाळात ती झाली. बंदूक गाळात पुरायची, काढून झटकायची आणि शंभर गोळ्या झाडायच्या. मधे तिला पुसायचं नाही, हा नियम. त्यासाठी पाच साधे शिपाई घेतले. त्यांत बंकट होता.

हलकीनं चौघांना दगा दिला. गाळ आत गेला, गोळी आत सारणारा बोल्ट अर्ध्यात अडकला. बंकटच्या हातात मात्र तिनं शंभरच्या शंभर गोळ्या झाडल्या. मंडळ लांब छत्र्यांखाली बसलं होतं. अध्यक्ष उठून म्हणाले, "बंदुकीत खोट नाही, हातांत आहे. हा चालवू शकतो तर सगळे चालवतील." तिथंच हलकी पसंत झाली. बंकटचा फोटो निघाला, पेढे वाटले. गावात आम्ही त्याला खांद्यावर घेतला. त्यात मीही होतो, हे सांगायला मला लाज वाटते.

मग सन दोन हजार दोनचा पावसाळा आला आणि गोदाकाठची लढाई झाली. एका ठाण्यावरचे एकोणीसच्या एकोणीस शिपाई गेले. प्रेतं आणि हत्यारं गोळा करायला जी तुकडी पाठवली, तिच्यात बंकट होता. जवळजवळ सगळ्या बंदुकांचे बोल्ट अर्ध्यात अडकलेले होते. त्या पोरांत आमच्या गावचा आदिनाथ होता, वच्छलाबाईचा एकुलता एक. त्याला भरतीला बंकटच घेऊन गेला होता. चौकशी बसली आणि तिनं निकाल दिला, शिपायांनी हत्यारं स्वच्छ ठेवली नाहीत, हयगय केली. गावोगाव हुतात्म्यांच्या शिळा लागल्या, त्यांवर या एकोणिसांचं नाव आलं नाही. बंकट नोकरी सोडून मेंढ्यांमागं आला.

तेव्हापासून ती पोरं त्याच्याकडं येतात. भर दुपारी तो लिंबाखाली एकटा असला की समोरच्या बांधावर येऊन बसतात, बोलत काहीच नाहीत, नुसत्या बंदुका पुढं करतात, असं तो सांगे. मी डोळ्यांनी पाहिलंय, टळटळीत उन्हात हा माणूस हवेवर अंगठा घासत बसलेला. लोक म्हणत, लागिर झालंय. मला वाटे, पोरांच्या दुःखानं डोकं फिरलंय. मास्तर असून मला एवढंच वाटलं.

परवा जीप आली. कॅप्टन तेजश्री नावाची तरुण अधिकारी उतरली. वागायला नम्र, जुना अहवाल पाठ केलेली. लष्कर आता नवी बंदूक निवडणार होतं आणि त्याच गाळात चाचणी होणार होती. बंकटनं फक्त येऊन उभं राहावं, नव्या शिपायांना चार शब्द सांगावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

"आम्ही प्रत्येक तुकडीला तुमचंच उदाहरण देतो, काका," ती म्हणाली. "त्याच बंदुकीनं तुम्ही शंभर गोळ्या झाडल्या आणि त्या एकोणीस जणांना एक धड झाडता आली नाही. हाताचा फरक."

बंकटचा चेहरा राखेसारखा झाला. तो म्हणाला, "बाई, तुमाला सांगतो. पर आधी आक्काला सांगू द्या." आणि तो चालू लागला. मी चपला शोधत मागं धावलो.

वच्छलाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. बंकट खालीच उभा राहिला.

"आक्का, आदिनाथनं हयगय केली न्हवती. ती बंदूकच खोटी व्हती. चाचणीत मी तिला पुसली. दर दोन-तीन बारांना अंगठा फिरवत व्हतो, कातरीवर फिरवतो तसा. मलाच कळलं न्हाई. संध्याकाळी हात धुताना नखात गाळ दिसला, तवा कळलं. सायेब तंबूतच व्हते. सांगायला गेलतो. दारातून माघारी आलो."

सूप थांबलं. वच्छलाबाई किंचाळेल, दगड उचलेल असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तिनं उचलावा असंही वाटलं.

"मी त्याला रोज बोल लावते," ती हळू म्हणाली. "लहानपनापास्नं गबाळा व्हता ना त्यो. फोटूसमोर उभी ऱ्हाऊन म्हनते, मुडद्या, येवढी एक वस्तू तुला साफ ठेवता आली न्हाई? बावीस वर्सं. आता त्याची माफी कुठं जाऊन मागू?"

बंकट मटकन खाली बसला. "मला शिव्या दे, आक्का."

"तुला शिव्या देऊन माझ्या जिवाला बरं वाटंल. बाकीच्या अठरा घरांचं काय? तिथं बी आया हायत." तिनं तूर पोत्यात ओतली. "आज त्या बाईला लिहून दे. उद्या घाटनांदूरला जाऊ. मी येते संगं."

कॅप्टन बाईनं सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता दोनदा पेन खाली ठेवलं. चौकशी पुन्हा उघडेल का, हे तिला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं घाटनांदूरला उतरलो. त्या एकोणिसांतल्या तिथल्या पोराचा बाप पंडित बैलांना पाणी दाखवत होता. त्यानं पोराचं नाव घरात काढायला बंदी केली होती, हे आम्हाला वाटेतच कळलं होतं. वच्छलाबाई बोलणार होती, पण बंकट पुढं झाला आणि त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. बैलांचं पाणी पिऊन झालं तरी बादली पंडितच्या हातातच होती.

"येवढे दिस कावून न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं.

बावीस वर्षांत बंकटनं या प्रश्नाची किती उत्तरं तयार केली असतील, देव जाणे.

"भ्यालो," तो म्हणाला.

पंडितनं आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. तो घरात गेला. आत त्यानं बायकोला हाक मारली आणि पाठोपाठ पोराचं नाव घेतलं. आम्ही अंगणात उन्हात उभे राहिलो.