आपा आणि अंग घासणारे मासे

आपांच्या घरी गेलेल्या माणसाला चहा मिळायचा, बोलायला मात्र मिळायचं नाही. दार उघडलं की त्या बोटानं स्टूल दाखवायच्या. स्टूल माशांच्या टाकीसमोर. "बैठ बेटा. बोलना नको, देखना." तुम्ही कितीही निकडीचं काम घेऊन आलेले असा, आधी मासे बघायचे. मी तर कायमच निकडीत. पाण्याच्या आंदोलनात काम करणाऱ्या मुलीला दुसरं काय असतं? काखेत पत्रकांचा गठ्ठा, डोक्यात घोषणा, आणि या बाई मला लाल शेपटीच्या एका माशासमोर बसवून ठेवणार. कितीदा वाटलं, ती टाकी उचलून गच्चीवर नेऊन ठेवावी.

आपा माझ्या घरमालकीण. पडेगावात, दौलताबाद रस्त्यापासून जरा आत, त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गल्ली हाच त्यांचा वर्ग. देशमुख काकूंपासून रफिक टेलरपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे. घरोघरी काचेच्या टाक्या होत्या आणि ते वेड आपांनीच लावलेलं. कोणाचा मासा दगडावर अंग घासायला लागला की माणूस आपांकडे धावायचा. मासे विकणारा दुकानदार न बघताच निळ्या औषधाची बाटली हातावर टेकवतो. आपा आधी उलटतपासणी घ्यायच्या.

"माशाला हात नाहीत, म्हणून तो दगडाला अंग घासतो. त्याला टोचतंय काय, ते आपण शोधायचं." सगळेच मासे एकदम घासतायत आणि पाणी नुकतंच बदललंय? दोष पाण्याचा. आधी एक, मग दुसरा, मग अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके? अंगाला परजीवी लागलेत. पंख मिटून कोपऱ्यात बसलाय, वर येऊन तोंड उघडतोय? टाकीत घाण झालीय, खाणं कमी करा. आणि दिवसातून एखाद्या वेळी घासलं तर काहीच नाही. "तुझी पाठ खाजत नाही का कधी?" हे सगळं त्या न्यायाधीशानं निकाल वाचावा अशा थाटात सांगायच्या. नम्रता वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती.

आता आमच्या शहराचं दुखणं. इथं नळाला रोज पाणी येत नाही, हे मी इथंही ठणकावून सांगते. कित्येक दिवसांनी येतं. आलं की गल्लीत लगीनघाई. ड्रम, हंडे, टाक्या, सगळं भरायचं. आणि भरण्याआधी जुनं साठवलेलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं. पाण्यासाठी रडायचं आणि पाणीच गटारात ओतायचं! त्याच झपाट्यात माशांची टाकीही रिकामी करून थेट नळाखाली भरायची. ताजं पाणी, ताजं क्लोरीन. दिवस कलायच्या आत गल्लीतले झाडून सगळे मासे दगडांवर अंग घासू लागायचे.

"शिळं टाकू नका!" आपा दारात उभ्या राहून ओरडायच्या. "माशाला शिळंच चांगलं. त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं."

"आपा, आमच्यात पाव्हण्याला शिळं देत नाय," देशमुख काकू हातातला पाइप न सोडता म्हणायच्या.

"सुमन, मासा पाहुणा आहे का तुझा?"

"मग काय तर! खातो, फिरतो, कामाला हात लावत नाय. जावयासारखाच हाय की."

गल्ली हसायची. आपा हसायच्या नाहीत. त्या सरळ काकूंच्या मोरीत शिरून शिळ्या पाण्याच्या ड्रमवर झाकण ठेवायच्या आणि झाकणावर दगड.

अशाच एका पाण्याच्या दिवसानंतर मी महापालिकेवरच्या आमच्या मोर्च्यासाठी पत्रक लिहिलं. 'नळाच्या विषारी पाण्यानं पडेगावात माशांचा तडफडून मृत्यू! उद्या तुमची पाळी!' आमच्या गटात सगळ्यांनी वाहवा केली. आपांनी चष्मा लावला.

"मृत्यू कोणाचा?"

"माशांचा."

"कोणत्या?"

"आपा, हे पत्रक आहे, शवविच्छेदन नाही."

"मासे मेलेले नाहीत, खाजवतायत. आणि विष नाही, क्लोरीन आहे. ते माणसाच्या भल्यासाठीच घालतात. तुझी तक्रार काय आहे? पाणी वाईट येतं, की पाणी येतच नाही?"

"येतच नाही!"

"मग ते लिही."

"तेच तेच लिहून लोक कंटाळलेत. 'मासे खाजवतात' असं छापलं तर मोर्च्याला कुत्रं तरी येईल का?"

"न येऊ दे. कुत्र्याचं मोर्च्यात काय काम?"

या बाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं, आणि भिंत पुन्हा वर विचारणार, लागलं का. पण मला त्यांची गरज होती. आपा मोर्च्याला निघाल्या तर अख्खी गल्ली निघणार, कारण आपांचा शब्द म्हणजे पक्का, असा गल्लीचा भरवसा. तेवढ्या एका भरवशावर माझा मोर्चा उभा होता. मी मुकाट्यानं मजकुरातून मासे काढून टाकले. पत्रक झालं अळणी, पण आपा 'येते' म्हणाल्या, आणि पाठोपाठ गल्लीतल्या बायकाही.

मग रफिक टेलरच्या दुकानातले मासे घासायला लागले. आपा गेल्या, स्टूल ओढून बसल्या. सगळे मासे एकदम घासत होते आणि पाणी आदल्याच दिवशी बदललेलं. निकाल तयार. "रफिक, थेट नळाचं घातलंस."

"नहीं आपा, आप बोले वैसाच, ड्रम का पानी डाला. अम्मी की कसम."

"अम्मीला मध्ये आणू नको. खोटं बोलतोस."

दुकानात कपडे घ्यायला आलेली माणसं बसली होती. त्यांच्यासमोर त्या भल्या माणसाला खोटारडा ठरवून आपा तरातरा घरी आल्या. गल्लीनं मान डोलावली. आपा म्हणतात म्हणजे तसंच असणार.

मोर्च्याच्या सकाळी रफिकभाई दारात उभे. भांडायला नव्हते आले, नुसते म्हणाले, "आपा, सब पे नमक सरीखा आया." आपा गेल्या, बघितलं. पांढरे ठिपके. परजीवी. ठिपके दिसायच्या आधीही मासा नुसता घासत राहतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. घरी परत येऊन त्या मागच्या दारापाशी थांबल्या. तिथं खिळ्याला त्यांची मासे पकडायची बारीक जाळी लटकलेली. ती जाळी गल्लीभर फिरायची, आणि एका घरचा रोग दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून मधे उन्हात खडखडीत वाळवायची, हा नियम आपांचाच. पण गेले काही दिवस ऊन नव्हतं. त्याच जाळीनं स्वतःच्या टाकीत नवे मासे सोडून आपांनी ती तशीच ओली पुढे दिली होती. आधी रफिकभाईंना, मग आणखी घरांना.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "तो खरं बोलत होता." आणि पायात चपला सरकवल्या.

"आपा, मोर्चा!"

"आधी हे."

"उद्या सांगा ना! नाहीतर फोन करा!"

"घरात घुसून शिकवलं, तर घरात जाऊनच सांगणार. आणि उद्यापर्यंत पसरेल."

त्या पुढे, हातात झेंडा घेऊन मी मागे. प्रत्येक दारात तेच. "माझ्या जाळीतून रोग तुमच्याकडे आला असेल. रफिक खोटं बोलला नव्हता. मी चुकले."

देशमुख काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अन् तुमी आमाला शिकवत होता व्हय? लई हुशार!"

मोर्च्याला निघालेल्या बायका आपापल्या टाक्यांसमोर बसल्या, आणि ज्यांच्याकडे टाकी नव्हती त्या ऐकायला बसल्या. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलो. महापालिकेच्या फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "मोर्चा मागून येतोय का?" त्या दिवशी माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली ती आजही पूर्ण शमलेली नाही.

त्यानंतर आपांकडे कोणी मासा आणला नाही. गल्ली पुन्हा निळ्या बाटलीकडे वळली. मला गल्लीचाही संताप आला: न बघता ठोकून देणाऱ्याकडे रांग, आणि स्वतःहून चूक सांगणाऱ्या बाईकडे पाठ! पण जास्त राग आपांचाच. एकदा भांडलेच. "गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं?"

"रफिकला," त्या म्हणाल्या.

मी दाणदाण जिना चढून वर माझ्या खोलीत गेले.

पुढे आपांचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा कन्नडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं हट्टानं बोलावून घेतलं. सामान टेम्पोत चढवायला रफिकभाई आले. त्यांच्या मनात काही उरलेलं नव्हतं. बाकी गल्ली दारांतूनच बघत होती. आपा ड्रायव्हरशेजारी बसल्या, सरळ समोर बघत. टेम्पो सुरू झाला तेवढ्यात देशमुख काकू पदर खोचून धावत आल्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात मासा.

"आपा, थांबा की! हे बघा, परवापासून घासतोय."

"दुकानात दाखव, सुमन. मी आता नक्की सांगू शकत नाही."

"त्या दुकानदाराला लई नक्की येतं. त्याच्या नक्कीपायी माझे निम्मे मासे मेले, अन् वर म्हणतो तुमचाच दोष." काकूंना धाप लागली होती. "तुमी चुकलात तर दारात येऊन सांगता तरी. नक्की नसंल तर नसू द्या. तुमी बघा."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुलीचा फोन वाजत होता, सामान उन्हात तापत होतं, आणि मला दुपारच्या बैठकीला उशीर होत होता.

"गाडी बंद कर," आपा त्याला म्हणाल्या, आणि उतरायला माझा हात मागितला.