सोजरमावशी खोटं बोलली नाही

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

शेजारच्या सोजरमावशीला घेऊन बीडला पेन्शनच्या हापिसात गेलतो. मावशीचे मालक शाळेत शिपाई होते, मागे वारले. त्यांची पेन्शन मावशीच्या नावावर करायचं काम झालं. सोबत सहावीतली नात पल्लवी होती. ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टर उलटून तिचे आईबाप दोघंही गेले.

मावशीनं विचारलं, "साहेब, माझ्या मागं हिला मिळंल ना?"

साहेबांनी पल्लवीला विचारलं, "ह्या कोण तुझ्या?"

"आई."

आईबाप अर्धं वर्ष उसाच्या फडात असायचे, म्हणून ती लहानपणापासून आजीलाच आई म्हणते. आमच्याकडं अशी लई पोरं हायेत.

साहेब म्हणाले, "मग मिळेल की. मुलगी बसते नियमात."

मी गप्प बसलो. मावशी बसली नाही.

"लेक न्हाई साहेब, नात हाय. माझ्या लेकाची."

"मग नाही बसत. नातवंडांना मिळत नाही."

येताना एसटीत मावशी एवढंच म्हणाली, "म्हंजी आता मला मरून चालायचं न्हाई."

यातून काही वाट निघत असेल तर सांगा कुणीतरी. मला रोज त्यांच्या दारावरनं जावं लागतं.