खिळ्यावर उभे राहा, काका!

मंद उजेड. दुपारचं रिकामं नाट्यगृह. डाव्या विंगेत उलटा ठेवलेला रंगाचा डबा, त्यावर बसलेली एक बाई आणि तिच्या मांडीवर गणिताचं पुस्तक. ही आमची दोरीताई. मी नाटकात कामं करायचो तेव्हापासून इथला पडदा तिच्याच हातात. माझं भाषण लांबलं की ती दोरी ओढायची आणि माझी अब्रू वाचवायची.

संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने डिप्लोमाचे सगळे विषय काढले होते. अडलं होतं फक्त गणित. दोनदा नापास, आता शेवटची संधी. पास झाली तर इथली सगळी तांत्रिक व्यवस्था तिच्या हाती येणार होती. नाहीतर बाहेरून कुणी साहेब येऊन तिलाच दोरी ओढायला शिकवणार होता.

शिकवणी घेत होती कॉलेजातली तिची मुलगी, आणि प्रेक्षक मी एकटा.

"आई, वर एक्सचा वर्ग वजा नऊ, खाली एक्स वजा तीन. एक्स तीनकडे जातोय. लिमिट किती?"

"तीन घातले की वर शून्य, खाली शून्य. नाहीच, असं लिहू?"

"अगं, तीनवर काय आहे हे विचारलंय कुणी? तिकडे जाताना काय होतंय ते सांग."

"जाऊन पोचायला नको? आमचे पडदे एकमेकांवर हातभर चढतात, तेव्हा कुठे मिळाले म्हणतात."

दोन्ही परीक्षांत घोडं इथेच अडलं होतं. पोरीने कपाळावर हात मारला आणि एकदम उठली.

"ओढ दोरी. सावकाश... थांब!"

दोन्ही पडदे मध्ये येता येता थांबले.

"कुठे मिळणार होते?"

"रंगमंचाच्या मधोमध ठोकलाय ना, त्या खिळ्यावर."

"मिळाले नाहीत, मग कळलं कसं?"

"न कळायला काय झालं! दोन्हीकडून तिकडेच तर..." ताईने दोरी सोडून खिळ्याकडे बोट केलं.

"तेच लिमिट. खिळ्यावर कुणी असो नसो. काका, खिळ्यावर उभे राहा!"

मध्यभागी उभं राहायला मला उभ्या जन्मात दोनदा सांगावं लागलेलं नाही. गेलो.

"लिमिट जिथे, काकाही तिथे. हे कंटिन्युअस, म्हणजे अखंड. काका, जरा बाजूला सरका. आता गं?"

"तुटलं!" ताई ओरडली. "लिमिट खिळ्यावर आणि काका भलतीकडे!"

"माझी भूमिका एवढीच?"

"तुम्ही नेहमीच भलतीकडे उभे राहायचात. दिवेवाला रडायचा."

मग ताईने पुस्तक पुढे ओढलं, वरच्या पदाची फोड केली, वरखाली सारखं होतं ते उडवलं आणि उत्तर काढलं, सहा. बरोबर!

निकालाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पडदा असा झरकन उघडला की कड्या खणखणल्या. दोरीवर पोरगी होती आणि खिळ्यावर, हातात गुणपत्रिका उंच धरून, दोरीताई. पास! मी उठून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ताईला मात्र वाकून नमस्कार करणं काही जमेना. जन्मभर विंगेत उभ्या राहिलेल्या बाईला ते कोण शिकवणार? लाजून लाल झाली आणि विंगेकडे बघून ओरडली, "अगं, बघत काय बसलीस, बंद कर की पडदा! आणि हातभर चढू दे हं एकमेकांवर!"