किल्लीकाकांची पाठ

चौकात झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बाकडं टाकून बसणाऱ्या किल्लीकाकांचा एक नियम होता. कुणाच्या घराचं अडकलेलं कुलूप उघडलं, की दार हातभर ढकलायचं आणि लगेच घराकडे पाठ करायची. पैसेसुद्धा ते पाठमोरेच घ्यायचे. लोक हसत. बायको म्हणे, लग्नातही असेच उभे होतात की काय. पण उघड्या पडलेल्या घरात डोकावू नये, एवढं वडिलांनी शिकवलं होतं, आणि याच भलेपणावर वस्तीत त्यांचं नाव होतं.

तर एका दुपारी फौजदारांनी त्यांना बोलावून नेलं. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराला कुलूप होतं. तिचा नवरा टेंपो चालवायचा, आणि त्याने चोरीचे मोबाईल घरात दडवलेत असा संशय होता. घरचं कुणी नसताना उघडायचं कसं, काकांनी चाचरत विचारलं. फौजदारांनी कोर्टाचा कागद दाखवला. वर म्हणाले, साक्षीला बाहेरचा माणूस लागतोच, आता तुम्हीच थांबा. काकांनी मान डोलावली, कुलूप उघडलं, दार ढकललं आणि सवयीने उंबऱ्यात पाठ करून उभे राहिले. आत पेटी ओढल्याचा, डबे पडल्याचा आवाज येत होता. आपण निदान बघत तरी नाही, एवढंच काय ते समाधान.

बाई धावतपळत आली तेव्हा फौजदारांच्या हातात तीन मोबाईल होते. कापडाच्या गाठोड्यात सापडले म्हणे. ते गाठोडं मी सकाळीच सोडून बांधलंय, त्यात असलं काही नव्हतं, असं ती परोपरीने सांगू लागली. मग तिला काका दिसले आणि तिच्या जिवात जीव आला.

"काका होते की इथे. काका, तुम्हीच सांगा, गाठोड्यातूनच निघाले का हे?"

हो म्हणावं तर पाहिलं नव्हतं, नाही म्हणावं तरी पाहिलं नव्हतं.

"मी बघितलं नाही, पोरी. माझी पाठ होती."

"मग तुम्ही इथे होतात कशाला?"

फौजदारांनाही नेमकं हेच विचारायचं होतं. त्यांनी काकांना फैलावर घेतलं आणि समोरच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने फौजदारांच्या हातातले मोबाईल पाहिले आणि सगळं पाहिल्याचं सांगून टाकलं. संध्याकाळी टेंपोवाल्याला उचललं.

काकांचं डोकं चक्रावून गेलं. फौजदार खोटं वागले असं म्हणायला पुरावा नव्हता, टेंपोवाला सज्जन आहे अशी खात्रीही देववत नव्हती. झडत्याच घेतल्या नाहीत तर चोर सापडायचे कसे, हेही पटत होतं. मग आपण त्या बाईची अब्रू राखली, की तिचा नवरा घालवला? त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं. काका सरळ नाही म्हणणार होते, पण नेमकी ती बाई दाराला नवं कुलूप घ्यायला बाकड्यापाशी उभी होती. नवरा अजून आतच होता. कुलूप हातात फिरवत, काकांकडे न बघता ती म्हणाली, "जा, काका. या खेपेला तोंड आत करून उभे राहा."

या वेळचं घर एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचं होतं. त्यांच्या भाच्याने कपाटात काही ठेवलंय का ते बघायचं होतं, आणि किल्ली घेऊन भाचा पसार झाला होता. काकांनी कपाट उघडून दिलं. बाईंचे आतले कपडे, औषधं, नवऱ्याची जुनी पत्रं, एकेक करत सगळं पलंगावर येऊन पडलं. मास्तरीणबाई पोलिसांना चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या काकांकडे वळल्या.

"त्यांचं ते कामच आहे. तुम्ही काय बघताय? लाज नाही वाटत?"

वाटत होती. मान सारखी खाली जात होती. ती पुन्हा पुन्हा वर करून काका कपाटातून निघणारी प्रत्येक वस्तू बघत राहिले.