मिलिंदचा आवाज

हायडेलबर्गला ट्रॅमची वाट बघत होते, तेव्हा उज्ज्वलाचा फोन आला. "मिलिंद गेला गं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "कुठे गेला?" कारण मिलिंद सतत कुठेतरी गेलेलाच असायचा, केबलची भेंडोळी आणि माइकच्या पेट्या गाडीत टाकून. मग पलीकडे ती रडायला लागली... सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि अँब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बेसबॉलचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर गेला. मला दुःखाच्या आधी रागच आला, खरं सांगते. अरे, ही काय जायची वेळ?

मिलिंद आधी एर्लांगेनला आमच्या ह्यांच्याबरोबर एकाच कंपनीत होता. हॉस्पिटलात लागणारी यंत्रं बनवायची कंपनी. हे दोघं ध्वनिलहरींवर काम करायचे. मी त्याच्यापेक्षा फार मोठी नाही, पण मित्राची बायको म्हणून पहिल्या दिवसापासून मी 'वहिनी'. उत्तम चाललं होतं त्याचं. नोकरी अनबेफ्रिस्टेट, म्हणजे कायमची. इथल्या मराठी माणसाला ह्या शब्दापुढे बाकी सगळं फिकं. आणि ती नोकरी सोडून हा पठ्ठ्या एका बेसबॉलच्या टीव्ही चॅनलवर साउंड इंजिनिअर म्हणून गेला! हायडेलबर्गजवळ ऑफिस, मोजकी माणसं, कॉन्ट्रॅक्ट दर सीझनला नवं. जर्मनीत, जिथे फुटबॉलशिवाय दुसरा खेळ कुणाला दिसत नाही, तिथे बेसबॉल!

त्याची बायको उज्ज्वला नुसती धुमसत होती. पुण्याला तिच्या बाबांना तिने सांगून टाकलं, की मिलिंद टेलिकम्युनिकेशनमध्ये आहे. सुट्टीत गेले की बाबा जावयाला विचारायचे, "काय, नेटवर्क कसं आहे तिकडचं?" आणि मिलिंद गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "चांगलं आहे बाबा, रेंज येते." पुढे त्यांच्या मागोमाग आम्हीही बदली घेऊन हायडेलबर्गला आलो, त्यामुळे हे सगळं नाटक मी अगदी जवळून पाहिलं.

एका रविवारी तो आम्हाला ग्राउंडवर घेऊन गेला. डब्यात पोहे, वर आभाळ भरलेलं आणि मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "वहिनी, बघू नका. ऐका." बॅटचा कडक आवाज आला, आणि त्यामागून सगळं ग्राउंड एकदम श्वास रोखून थांबलं. ते थांबणंसुद्धा ऐकू आलं हो! "हेच," तो म्हणाला, "हे घराघरात पोचवायचंय मला. आणि नेमके इथेच आमचे समालोचक बडबडतात." त्यासाठी तो त्यांच्याशी भांडायचा. मोक्याच्या क्षणी हात वर करून त्यांना गप्प करायचा. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत तेही हळूहळू ऐकायला लागले.

उज्ज्वला मात्र ग्राउंडवर एकदाही गेली नाही. मॅच टीव्हीवर लागली की ती स्वयंपाकघरात. मिलिंद घरी आला की जेवता जेवता विचारायचा, "ऐकलंस का आज?" ती म्हणायची, "आमटी वाढू का अजून?" तो हसण्यावारी न्यायचा, पण एकदा माझ्याजवळ बोलला. "वहिनी, मला बाकी काही नको. तिने एकदा म्हणावं, आज छान झालं म्हणून. बस."

आणि मग ते अवॉर्ड आलं. खेळांच्या प्रक्षेपणाचं मोठं अवॉर्ड, ध्वनीसाठी. समोर बलाढ्य फुटबॉलवाले आणि मिळालं आमच्या चिमुकल्या चॅनलला! समारंभ हॅम्बर्गला होता. उज्ज्वला गेली नाही. लेकीची परीक्षा आहे म्हणाली. मिलिंदचा फोन आला तो भर पावसातून, "वहिनी, मिळालं! मिळालं हो!" मी इकडे घरात नाचले.

तो फिरता कप होता. इथे वांडरपोकाल म्हणतात, पुढच्या वर्षी परत करायचा. तोवर चॅनलच्या प्रत्येकाने काही दिवस घरी न्यावा असं ठरलं. मिलिंदच्या घरी आला तेव्हा मिलिंद ऑफिसात. उज्ज्वलाने काय करावं? देवासमोर ठेवायचा म्हणून समई-ताम्हनाबरोबर तोही घेतला, आणि चिंच-मीठ लावून खसाखसा घासला. वरचा सोनेरी मुलामा एका बाजूने साफ निघाला! मी पोचले तर ही कपाळाला हात लावून बसलेली. "मला काय माहीत? एवढं मोठं अवॉर्ड, मला वाटलं चांगलं पितळ तरी असेल!" मिलिंद आला, त्याने कप बघितला, हळदकुंकू बघितलं, आणि असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी. चॅनलची प्रमुख बाई भली होती. म्हणाली, "चला, आता हा खरा वापरलेला दिसतो," आणि स्वतःच दुरुस्तीला देऊन आली. मिलिंद मात्र भेटेल त्याला सांगत होता, "तिने घासला! माझा कप तिने घासला!"

मी उज्ज्वलाला बाजूला घेऊन विचारलं, "मग म्हणालीस का त्याला, छान झालं म्हणून?"

"म्हणायला कशाला हवं? घासला ना!"

आपल्याकडे हे असंच. कौतुक करायचं तर ताटात एक पोळी जास्त वाढायची, तोंडाने मात्र अवाक्षर नाही. पण मिलिंदला शब्द हवे होते. आयुष्यभर आवाज ऐकणारा माणूस तो, त्याला आवाजच हवा होता. तेराव्याला उज्ज्वला माझा हात धरून एकच वाक्य म्हणत राहिली, "बोलायला हवं होतं गं."

गेल्या रविवारी सीझनची पहिली मॅच होती. मला म्हणाली, ये, एकटीने बघवणार नाही. मी गेले तर ही स्वयंपाकघरात खिचडी टाकत होती, टीव्ही बाहेरच्या खोलीत. नवीन कुणीतरी आवाज सांभाळत होता. मला काही फरक कळला नाही. पण तिचा हात मध्येच थांबला.

"पोकळ येतोय," ती म्हणाली.

"काय?"

"कॅचरच्या ग्लव्हचा आवाज. बॉल कसा थप्पकन बसायला हवा. आणि ही माणसं किती बोलतायत! मिलिंदने इथे गप्प केलं असतं त्यांना."

जिला बेसबॉलचं नाव काढलेलं खपत नव्हतं, ती हे बोलत होती. तेवढ्यात फोडणी करपायला लागली, घरभर धूर झाला. मी खोकत खोकत एक्झॉस्टचं बटण दाबायला गेले, तर ही केवढ्यांदा ओरडली, "लावू नकोस!" मग ओट्याला टेकली आणि ढसाढसा रडायला लागली.

"मॅच लागली की मी एक्झॉस्ट बंद करायचे गं. त्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही. तो आला की म्हणायचा, अगं, किती वास कोंडलाय, लावत का नाहीस?... आणि मी म्हणायचे, विसरले."